बावडीच्या पाण्यातला गूळ

चैत्रातल्या एका शुक्रवारी उज्जैनमधल्या एका मराठी घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. गल्लीतल्या बायका आणि मुले तिथे गेली. घरी परतल्यावर त्यांना उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात त्या घरातली चार वर्षांची नात वारली.

नोकरीत मी याहून मोठी प्रकरणे हाताळली. त्यांतली बरीचशी विसरलो, हे मात्र विसरता आले नाही. माझी पत्नी गेल्या माघात वारली. या तपासात तिचा वाटा होता आणि तो सरकारी दप्तरात कुठेही नोंदलेला नाही. तेवढ्यासाठी हे लिहीत आहे. नाव कोणाचेच देत नाही.

तेव्हा मध्यभारत राज्य होते. संस्थाने विलीन झाली होती, पण कामाच्या पद्धती अजून विलीन झाल्या नव्हत्या. ग्वाल्हेरच्या जुन्या नियमाप्रमाणे विषाचा संशय असलेला मुद्देमाल ग्वाल्हेरला पाठवायचा. इंदूरच्या नव्या हुकुमाप्रमाणे साथीच्या काळात पाण्याचा नमुना इंदूरला पाठवायचा. ही साथ की विषप्रयोग, हेच ठरत नव्हते. मी ठाणेदार होतो. मृत मुलीचा व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, ग्वाल्हेरला पाठवला, पाण्याची एक बाटली इंदूरच्या प्रयोगशाळेला पाठवली आणि दुसरी आमच्याच गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रोफेसरांकडे दिली. ग्वाल्हेरचे उत्तर यायला महिना लागे. गल्ली महिनाभर थांबणार नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी एक बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, होती. सगळी घरे तिचेच पाणी भरत. दुपारी एक दूधवाला ठाण्यात आला. अशी माणसे खबर देताना आधी इकडेतिकडे पाहतात. हा सरळ माझ्याकडे पाहून बोलला.

"साहब, वो सिंधी रंगरेज है ना, बावड़ी के पास वाला? वो अपने मटके वहीं धोता है. नीला पानी जाता है. मैंने देखा."

"बावडीत जाते, की बाहेर नालीत?"

"अब साहब, पानी तो पानी है, कहाँ तक जाता है कौन देखे."

फाळणीनंतर सिंधमधून बायकोमुलांसह आलेल्या त्या माणसाने बावडीशेजारी एक खोली भाड्याने घेऊन चुनऱ्या रंगवण्याचे काम सुरू केले होते. झडतीत त्याच्या खोलीत मोरचुदाची पुडी मिळाली. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तो पोटात गेला तर उलट्या होतात हे मला माहीत होते. प्रयोगशाळांना मी पाण्यात तांबे आहे का, एवढेच विचारले. मी त्याला ठाण्यात आणले. काही अंशी त्याच्याच बचावासाठी आणले, कारण तोवर त्याच्या दाराशी माणसे जमली होती.

चौकशीत तो घाबरला नाही, थकल्यासारखा बोलला.

"साहब, नीला थोथा रखता हूँ, रंग पक्का करने को. पैसे देकर लाता हूँ, बावड़ी में क्यों बहाऊँगा? और मेरे बच्चे भी उसी बावड़ी का पीते हैं. उनको देख लो, खेल रहे हैं."

त्याची मुले खरोखरच बरी होती. माझ्या हेड कॉन्स्टेबलला मात्र यातच पुरावा दिसला. "देखा साब? ज़हर डालनेवाला अपने बच्चों को पहले ही मना कर देता है."

मी त्याला म्हटले, "आणि मुले आजारी पडली असती तर?"

"तो भी वही, साब. अपनी ही लापरवाही."

संशय पक्का झाला की माणूस दोन्ही बाजूंनी दोषी ठरतो. हे मी पुढेही अनेकदा पाहिले.

तिसऱ्या दिवशी मृत मुलीचे आजोबा आले. सरदार-दरकदारांच्या काळापासून घराणे उज्जैनचे, स्वतः संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले. खांद्यावर उपरणे, आवाज खालचा. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"तुम्ही आमच्यातले आहात म्हणून विचारतो. तो माणूस फासावर जाईल की नाही?"

"तपास चालू आहे, काका."

"तपास कसला? नात गेली माझी. तुमच्या हवालातीत बसून तो दोन वेळचे जेवतो आहे."

त्याच संध्याकाळी रंगरेजाच्या खोलीचे दार फोडले गेले. रंगवलेल्या चुनऱ्या बावडीच्या पायऱ्यांवर फेकल्या होत्या. त्याची बायको मुलांना घेऊन ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसली आणि तिथेच राहिली.

दोन्ही प्रयोगशाळांची उत्तरे पाठोपाठ आली. प्रोफेसर म्हणाले, पाणी स्वच्छ आहे, धातूचा अंश नाही. इंदूर म्हणाले, पाण्यात तांबे आहे, भरपूर आहे. माझ्या वरिष्ठांनी इंदूरचा अहवाल लावून आरोपपत्र तयार करायला सांगितले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. इंदूर सरकारी होते, प्रोफेसर खासगी गृहस्थ. पण एकाच बावडीचे पाणी एका ठिकाणी विषारी आणि दुसऱ्या ठिकाणी चांगले, हे माझ्या गळी उतरेना. मी इंदूरला ट्रंककॉल लावला आणि प्रोफेसरांना ठाण्यात बोलावून घेतले. दोन रसायनशास्त्रज्ञांनी एकमेकांशी बोलावे, मध्ये पोलिसाने दुभाष्याचे काम करू नये, एवढाच माझा विचार होता.

इंदूरचे केमिस्ट मराठी होते. फोन लागताच त्यांनी आधी मलाच विचारले, "साहेब, तुमच्या उज्जैनला विहिरीत गूळ टाकायची पद्धत आहे का?"

"गूळ?"

"तुमच्या बाटलीत तांबे आहेच, पण साखरही आहे. आणि आंबटपणा. तुम्ही तांब्याचे विचारलेत म्हणून अहवालात तांबेच लिहिले. पण मला रात्रंदिवस तो गूळ खटकतो आहे."

मी फोन प्रोफेसरांच्या हाती दिला. ते उत्तर प्रदेशचे, हिंदीत बोलत.

"जनाब, मेरी बोतल में न ताँबा है, न गुड़. मैंने तो आख़िर में चखकर भी देख लिया." पलीकडून काहीतरी आले. प्रोफेसर हसले. "अरे भई, ज़िंदा हूँ, तभी तो बोल रहा हूँ!" मग त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "दरोगाजी, ये दो अलग पानी हैं. आपकी बोतलें भरीं किसने?"

बाटल्या हेड कॉन्स्टेबलने भरल्या होत्या. त्याला बोलावले. एक बाटली त्याने बावडीत दोर सोडून भरली होती. दुसऱ्या बाटलीच्या वेळी बावडीवर गर्दी झाली, म्हणून ती त्याने हळदीकुंकवाच्या घरातून, ओसरीवरच्या हंड्यातून भरून घेतली. दोन्ही बाटल्यांवर त्याने 'बावडीचे पाणी' असेच लिहिले.

"पानी तो उसी बावड़ी का था, साब. घरवालों ने खुद बताया, अभी भरा है."

"हंडा कशाचा होता?"

"ताँबे का. ऐसा चमचमाता कि मुँह देख लो."

आता माझ्याजवळच्या जबान्या मी पुन्हा वाचल्या. सगळ्या पुरुषांच्या होत्या. घरच्या कर्त्या माणसाची जबानी घ्यायची, अशी आमची रीत. पण हळदीकुंकवाला त्यांतला एकही पुरुष गेला नव्हता. तिथे काय खाल्ले, काय प्यायले, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

तेव्हा महिला पोलीस नव्हत्या. मी घरी येऊन पत्नीला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी आत जाते. तुम्ही ओसरीवर बसा, आणि टोपी काढून ठेवा. टोपी दिसली की त्या बोलायच्या नाहीत."

आम्ही आधी शेजारच्या घरी गेलो. तिथली बाई आजारातून नुकती उठली होती. दाराआडून मला दोघींचे बोलणे ऐकू येत होते.

"पन्हं कसं झालं होतं हो?"

"चांगलं होतं."

"खरं सांगा."

"कसैलं लागत होतं, वहिनी. जिभेवर काहीतरी राहिल्यासारखं. पण दुसऱ्याच्या घरी गौरीपुढं बसून पन्ह्याला नावं ठेवायची का? मी आपली प्याले. वेलदोडा होता भरपूर."

"बाकीच्या?"

"सगळ्याच प्यायल्या. मुलांनी तर दोन-दोन भांडी घेतली."

मग आम्ही त्या घरी गेलो. आजोबा राम घाटावर नातीच्या क्रियाकर्मासाठी गेले होते. आत मृत मुलीची आई होती. पत्नी तिच्याजवळ बसली. बराच वेळ त्या पन्ह्याविषयी बोलल्याच नाहीत. मुलीचे केस कसे होते, ती काय बोले, हेच चालले होते. मग पत्नीने विचारले, पन्हं कशात केलं होतंस ग?

"पितळेची पातेली कल्हईला काढून ठेवली होती. कल्हईवाला आलाच नाही. मामंजी म्हणाले, तांब्याचा हंडा घ्या, गौरीच्या नैवेद्याला तांब्याइतकं शुद्ध भांडं नाही. मी चिंचेनं घासून लख्ख केला. आदल्या दिवशीच पन्हं कालवून ठेवलं, मुरावं म्हणून. नंतर हंडा घासायचं भान कोणाला होतं, त्यातच पाणी भरलं." तिने वर पाहिले. "वहिनी, का विचारताय?"

पत्नीने तिला जवळ घेतले, एवढे मला दारातून दिसले.

तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवले तर बिघडत नाही. कैरी ठेवली तर तांबे तिच्यात उतरते. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. ताक कोणी तांब्यात ठेवले नसते. पण गौरीच्या भांड्याच्या बाबतीत तो विचारच कोणाच्या मनात आला नाही.

एका बाळंतिणीला त्या दिवशी पन्हे घरी पाठवले होते. तिने ते न पिता चिनी मातीच्या बरणीत तसेच ठेवले होते. ते घेतले. बावडीचे पाणी नव्याने, काचेच्या बाटल्यांत, माझ्यासमोर भरले. या वेळी प्रत्येक नमुन्याचे तीन सारखे भाग केले, तिन्हींवर एकच क्रमांक आणि एकच मोहोर घातली, आणि तिन्ही प्रयोगशाळांना एकच प्रश्न पाठवला: यात जे जे आहे ते सगळे लिहा. ग्वाल्हेरला खास माणूस धाडला. तिन्ही उत्तरे जुळली. बावडी निर्मळ, पन्ह्यात तांबे. व्हिसेऱ्यातही तेच.

आजोबांना मी ठाण्यात बोलावले नाही, त्यांच्या घरी गेलो. या वेळी ते बसले होते आणि मी उभा होतो. मी सुनेचे नाव घेतले नाही. हंडा, कैरी, तांबे, एवढेच सांगितले.

त्यांनी एकच विचारले. "हंडा घ्या, असे कोणी म्हटले, ते कागदावर येईल?"

"नाही. हा अपघात आहे. तसेच लिहिले जाईल."

"मी म्हटले होते," ते म्हणाले. "सुनेला कोणी बोलू नये." मग उपरण्याने तोंड पुसून उठले आणि माझ्यासोबत ठाण्यापर्यंत चालत आले. रंगरेज तेव्हा बाहेर पडत होता. दोघे समोरासमोर आले. आजोबांनी हात जोडले. रंगरेज म्हणाला, "आपकी बच्ची मेरी चुनरियाँ देखने आती थी, बाबूजी." आणि तो बायकोमुलांना घेऊन गेला. त्या खोलीत परत गेला नाही. पुढे माधव नगरात त्याने दुकान टाकल्याचे ऐकले.

तीन भाग, एक क्रमांक, एक प्रश्न ही पद्धत मी नंतर जिथे बदली झाली तिथे लावून दिली. साथ असो, विषबाधा असो, प्रयोगशाळांना आधी एकमेकांशी बोलायला लावले. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, म्हणून प्रश्न नीट विचारावा लागतो. आणि जबानी घेताना जो प्रसंगी हजर होता त्याची घ्यावी, घरात ज्याचा मान मोठा त्याची नव्हे. हे मला माझ्या पत्नीने त्या ओसरीवर शिकवले. तिने ते कधी बोलून दाखवले नाही. आमच्या घरी त्यानंतर पन्हे काचेच्या बरणीत होई.

तिच्या दिवसांसाठी मी या वर्षी राम घाटावर गेलो होतो. परतताना त्या गल्लीतून आलो. बावडी अजून आहे. तिच्यावर लोखंडी जाळी बसवली आहे. तिचे पाणी निर्मळ असल्याचे तीन प्रयोगशाळांनी लिहून दिले होते, आणि मी ते गल्लीत वाचून दाखवले होते. त्या चैत्रानंतर ते कोणी प्यायले नाही.