मार्कंड्याहून परत येताना

एका सोमवारी सकाळी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले, की माझ्या बायकोला, कौसल्येला, अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात आणि शौचावाटे रक्त जाते.

मी सावली गावच्या शाळेत शिक्षक. तोवर घरात सगळे याला आवच म्हणत होते. आमच्याकडे आव कोणाला होत नाही? बेलाचा गर झाला, ताक झाले, तालुक्याच्या दवाखान्यात आवेवरची एमेटिनची इंजेक्शने झाली. त्यांनी चार दिवस बरे वाटे आणि पुन्हा रक्त दिसे.

कौसल्येने बरेच दिवस लपवले होते. पहाटे बाया मिळून बाहेर जात. ती एकटी, वेगळ्या वाटेने जाऊ लागली. शेजारणीने माझ्या आईला विचारले, "तुमची सून आमच्यावर रुसली का वो?" तेव्हा घरात कळले.

मूल गावापर्यंत बैलांच्या बंडीने आणि पुढे लहान रुळांच्या आगगाडीने आम्ही नागपूरला गेलो. तिथे सिग्मॉइडोस्कोपी झाली, म्हणजे दिव्याची नळी घालून आतडे आतून पाहतात. बेरियम एनिमा देऊन एक्स-रे काढला. या तपासण्यांची लाज वाटते, हे मी जाणतो. कौसल्या बाहेर आली आणि म्हणाली, "लाज इथीच ठेवून येवा लागते, चपलेसारखी." त्या दिवसातले तिचे तेवढेच हसणे.

डॉक्टर म्हणाले, "हा आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. बरे वाटले तरी गोळ्या सोडायच्या नाहीत." गोळ्या सल्फाच्या जातीच्या, पिवळ्या होत्या. जेवणात मऊ भात सांगितला. मिरची आणि लाखोळीची डाळ बंद.

दिवाळीनंतर रक्त थांबले. कौसल्येच्या अंगावर मांस आले. ती पुन्हा शेजारणींबरोबर पहाटे जाऊ लागली. माझ्या लेखी ती बरी झाल्याची खूण हीच होती.

आईने मार्कंडदेवाला नवस बोलला होता. महाशिवरात्रीच्या जत्रेत तो फेडायला आम्ही तिघे मार्कंड्याला गेलो. नवस फिटला, की दुखण्यातले लुगडे वैनगंगेत सोडून नवे नेसायचे, ही आमच्या घरातली रीत. मी देवळाच्या रांगेत होतो. नदीवर काय झाले ते मला फार उशिरा कळले. लुगडे सोडल्यावर आई म्हणाली, "बेमारीचं काईच घरी नेवाचं नाई." कौसल्येने पिशवीतली गोळ्यांची बाटली काढली आणि तीही पाण्यात सोडली.

दोघी आनंदात होत्या. परतीच्या वाटेवर बंडीत कौसल्या झोपली आणि आईने तिच्या डोक्यावर पदर धरला.

चैत्रात मोहफुले वेचून संपता संपता रक्त पुन्हा सुरू झाले. या वेळी ताप होता. नागपूरला नेले तेव्हा तिला बसवतही नव्हते. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

आई दारातच उभी होती. कौसल्या म्हणाली, "म्याच केल्या."

डॉक्टर तिला बरेच बोलले. ते गेल्यावर आई खाटेपाशी आली. "काऊन वो, खोटं काऊन बोलली?"

"तुमाले बोलला असता त तुमी त्याच्याशी भांडल्या असत्या, मामी. मंग मले खाटेसकट बाहेर काढलं असतं."

आई हसली नाही. घरी आल्यावर रोज सकाळी देवाला फूल वाहून झाले, की ती सुनेच्या हातावर गोळी ठेवी आणि गिळेपर्यंत समोर उभी राही. उपासाच्या दिवशीही. एकदा कौसल्या म्हणाली, "आज एकादस हाये." आई म्हणाली, "तुही नाई. तोंड उघड."

त्यानंतर आम्हाला धानाची दोन पिके एकत्र पाहायला मिळाली. ते दिवस चांगले होते, हे मला लिहून ठेवायचे आहे.

भादव्यात आजार एकाएकी उसळला. पोट फुगले. आतड्याला परफोरेशन, म्हणजे भोक पडले होते. ऑपरेशन झाले, पण कौसल्या वाचली नाही.

दवाखान्याच्या ओसरीवर आईने डॉक्टरांना विचारले, "नदीत गोळ्या सोडल्या, त्यानं झालं का जी? तिनं नाई, म्या सोडवल्या."

डॉक्टर तिच्याजवळ बसले. "त्या वेळचे दुखणे आपण थांबवले होते, बाई. त्यानंतर तिची एकही गोळी चुकली नाही. काही जणांना हा आजार औषध चालू असतानाही असा येतो."

आईने मान हलवली. तिला ते पटले की नाही, मी विचारले नाही.

ज्यांच्या घरी आव हटत नाही आणि रक्त जाते, त्यांनी लाज बाजूला ठेवून तपासणी करावी. नवस जरूर फेडावा. गोळ्या घरी आणाव्यात.

घरात आता आई आणि मी आहोत. आई मिरचीचे जेवण करत नाही. आम्ही दोघे मऊ भात खातो.