लेखी द्या, रविवारी येते

माझ्यावर निघालेली कारणे दाखवा नोटीस मीच टाइप केली. चार कार्बन लावून, समास सोडून, नीट. लोकांना सांगितलं की हसतात. हसा बाप्पा. आमच्या बालाघाटच्या त्या सरकारी ऑफिसात हिंदी टाइपरायटर एक होता आणि तो चालवणारी बाई एक, म्हणजे मी. साहेबांना कोणाचाही गळा धरायचा असला तरी कागद माझ्याच हातून जाणार. गळा माझा असला तरी.

ऐंशी सालानंतरची गोष्ट, माझी पोरगी दुसरीत होती. ऑफिस साडेदहाला लागायचं आणि पाचला सुटायचं, हे झालं कागदावरचं. साहेब ग्वाल्हेरकडले. दुपारी बाराला यायचे, मग ठेकेदार, मग चहा, मग आणखी ठेकेदार. पाचाला दहा कमी झाले की त्यांच्या अंगात काम यायचं. “मैडम, बस दो मिनट का काम है.” ही दोन मिनिटं कधी सहा पानांची असत, कधी आठ. त्यात रिवाज असा, की साहेब उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही. काम असो की नसो. बडे बाबू, म्हणजे आमचे हेड क्लार्क, सहा-साडेसहापर्यंत एकाच फायलीची दोरी सोडायचे आणि परत बांधायचे. साहेबाआधी उठला तो कामचोर, आणि साहेबासोबत माश्या मारत बसला तो निष्ठावान. मला त्या दोरीचा इतका राग यायचा की वाटे, हिसकावी आणि खिडकीबाहेर फेकावी.

घरी काय होतं ते सांगते, म्हणजे राग कळेल. आमचे हे भरवेलीच्या खाणीत हजेरीबाबू. हप्त्याहप्त्याने पाळी बदलायची. दुसऱ्या पाळीचा हप्ता असला की हे दुपारी एकला सायकल काढणार, मी संध्याकाळी घरी येणार, आणि हे परत येणार तेव्हा आम्ही मायलेकी झोपलेल्या. सकाळी आमची घाई, ह्यांची झोप. त्या हप्त्यात आमचा संसार चिठ्ठ्यांवर चालायचा. ‘दूध तापवलं आहे.’ ‘पोरीले खोकला आहे, पाण्यात खेळू देऊ नको.’ ‘गॅसचा नंबर लाव.’ एकदा मी सहा चिठ्ठ्या जमवून पाहिल्या, त्यात एकही वाक्य असं नव्हतं जे नवऱ्यानं बायकोला सांगावं. सगळी चौकीदारानं चौकीदाराला सांगावी तशी.

उरला रविवार. रविवारी पाटोडीचा रस्सा हे करायचे. खाणीत एकटे राहायचे तेव्हा शिकले होते. मी मसाला वाटायची, पोरगी बेसनाच्या वड्या मोजायची आणि मोजता मोजता दोन खायची. रस्सा इतका तिखट की नाकातून पाणी. दुपारी तिघं एकाच सायकलवर वैनगंगेवर, पोरगी दांडीवर, मी मागं कॅरियरवर. पाण्यात पाय सोडून बसायचं आणि अंधारायच्या आत घरी. श्रीमंती म्हणाल तं एवढीच. पण ती माझी होती.

मग भोपाळला विधानसभा बसली. ज्यानं राज्य सरकारात नोकरी केली नाही त्याला हे कळायचं नाही. विधानसभा बसली की जिल्ह्याजिल्ह्यातून प्रश्नांची उत्तरं मागतात आणि सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. कोणाच्या घरी मयत असो की बारसं, ‘विधानसभा चालू है’ म्हटलं की विषय संपला. आमच्या साहेबांनी त्याचं सोनं केलं. प्रश्न सोमवारी यायचा. साहेबांच्या टेबलावर काचेखाली आरामात पडायचा. शनिवारी संध्याकाळी साहेबांना त्याचा पुळका यायचा, आणि रविवारी सकाळी चपराशी माझ्या दारात. “बाईसाब, साहेबानं बलावलं. दोन घंट्याचं काम हाय म्हन्ते.” दोन घंटे म्हणून गेली की पाच वाजायचे. असे लागोपाठ चार रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी घरी आले तेव्हा माझ्या वाटची पाटोडी ताटाखाली झाकलेली होती, आणि रस्सा पार आळला होता. ह्यांनी तो पाणी घालून परत चुलीवर ठेवला.

पाचव्या रविवारी मी मागच्या आंगणात पाट्यावर मसाला वाटत होते. दारात सायकलची घंटी वाजली. पोरगी धावत गेली, आणि तिचा आवाज आला, मोठा, अगदी ठणठणीत.

“आई घरी नाही. गावाले गेली.”

माझा हात पाट्यावरच थांबला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. सात वर्षांची पोर, आईला एक दिवस घरी ठेवायला आपल्या मनानं खोटं बोलली. आणि काय सांगू, ऐकून मला आधी बरंच वाटलं. चला, सुटली म्हटलं! मग लाजेनं अंग तापलं. अगं बाई, रविवार चोरायचे साहेबांनी, आणि खोटं बोलायचं माझ्या लेकरानं? मसाल्याचे हात तसेच घेऊन मी दारात गेले.

“आहे मी घरी,” मी चपराशाला म्हटलं. “आणि येत नाही.”

म्हातारा चांगला माणूस होता, घाबरला. “असं काहून म्हनता, बाईसाब? मी काय सांगू साहेबाले?”

“जे म्हटलं तेच सांगा. घरी आहे आणि येत नाही. साहेबांना लेखी द्यायला सांगा, रविवारी येते. लेखी द्यायचं म्हणजे प्रश्न कधी आला आणि इतके दिवस कुठं होता, तेही लिहा लागते. लिहून द्या म्हणा.”

तो गेला. घंट्याभरात परत आला, घामाघूम. लेखी काही नव्हतं. तोंडी निरोप होता, की मैडमला घर इतकंच प्यारं असेल तर बैहरला बदली करून टाकतो, मग बसा घर आठवत.

हे चुलीपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं. बैहर म्हणजे जंगलातलं तहसीलचं गाव, रोज जाऊन येण्यासारखं नाही. सोमवारी जायचं आणि शनिवारी यायचं. पोरगी कोणाकडे? ह्यांची पाळी, माझं बैहर, घरात मग चिठ्ठ्यासुद्धा कोण लिहिणार?

“जाऊन ये ना,” हे म्हणाले. “कायले पाण्यात राहून माशाशी वैर? एक दिवस आणखी.”

“अवो, एक एक करून चार झाले!”

“अन् बैहर झालं तं?”

“तं पाहू.”

“काय पाहू? तुले फक्त जिंकायचं असते.”

हे मला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. आम्ही जेवलो, एकमेकांकडे न पाहता. पाटोडी कशी झाली होती मला आठवत नाही. भीती वाटत होती, खोटं कायले सांगू. पण गेले नाही. वैनगंगेवरही गेलो. त्या दिवशी तिथं बसून मी मनात फक्त बैहरच्या बसचे टाइम आठवत होते.

सोमवारी कळलं, की उत्तर बडे बाबूंनी हातानं लिहून भोपाळला धाडलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. भोपाळनं ते घेतलं. विधानसभा मोडली नाही, सरकार पडलं नाही. म्हणजे चारही रविवार माझ्याशिवाय निघाले असते! मला हसावं की रडावं कळेना.

त्याच दिवशी पाचाला दहा कमी असताना माझ्या टेबलावर टाइपाचा कागद आला. साहेबांच्या हातचा मसुदा, वर नेहमीचं ‘आज ही’. मी मशीनला कागद लावला आणि वाचायला लागले. ‘आपको रविवार को मौखिक रूप से बुलाया गया, किंतु आप जानबूझकर...’ पुढं माझं नाव. तीन दिवसांत उत्तर द्या, नाहीतर कारवाई. साहेबांना इतक्या वर्षांची सवय, की कागद झाला की टाइपिंगला. कोणाचा कागद, कोणाकडे चालला, ध्यानातच आलं नाही. बडे बाबूंच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी मान खाली घालून दोरी सोडायला घेतली.

मी टाइप केली. ‘जानबूझकर’ पर्यंत आले आणि पाच वाजले. मशीनवर कव्हर घातलं, पिशवी उचलली आणि साहेबांच्या खोलीसमोरून घरी गेले. तोपर्यंत त्या ऑफिसात साहेबाआधी उठून त्या दारासमोरून कोणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला उरलेली नोटीस पूर्ण केली आणि सहीला नेली. “सर, जावक नंबर टाकून मला द्या. मी पोच देते.” साहेबांनी कागद पाहिला, मला पाहिलं, आणि त्यांचं तोंड उतरलं. चूक त्यांना आता दिसली, आणि ती टाइपिंगची नव्हती. जे मी लेखी मागत होते ते त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं, की मला रविवारी तोंडी बोलावलं. पण मागं हटले तर साहेब कसले? सही केली.

उत्तर मी घरी हातानं लिहिलं. सरकारी मशीन खाजगी कामाला वापरू नये, असं सर्क्युलर होतं ना! आवक रजिस्टरातून पाच प्रश्न आल्याचे पाचही वार लिहिले, सगळे सोमवार, आणि मला बोलावणं आल्याचे वारही लिहिले, सगळे रविवार. खाली लिहिलं, की मी त्या रविवारी घरी होते आणि पुढच्याही रविवारी घरीच राहीन. सगळ्यात खाली एक ओळ: प्रतिलिपी, जबलपूरचे वरिष्ठ साहेब. म्हणजे एक प्रत तिकडेही जाणार.

साहेबांनी बोलावलं. आवाज पहिल्यांदा मऊ. “मैडम, ये प्रतिलिपि वाली लाइन काट दीजिए.”

“तुम्ही नोटीस काटा सर, मी ओळ काटते.”

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी घंटी मारली, बडे बाबूंना बोलावलं आणि नोटीस फायलीत बंद करायला सांगितली. बैहर झालं नाही. त्यानंतर दोनदा खरंच घाईचं काम निघालं, लेखी आदेश आला, मी गेले आणि त्याच्या बदल्यात सुट्टी घेतली. बाकी रविवार आमचे.

इथं संपलं असतं तर मी जिंकले म्हणून मिरवलं असतं. पण साहेबाच्या हातात वर्षाच्या शेवटी एक कागद असतो, गोपनीय अहवाल. तो टाइपिंगला येत नाही. पुढच्या वर्षी वरून पत्र आलं, की तुमच्या अहवालात प्रतिकूल शेरा आहे: ‘कार्यालय समय के बाद रुकने में रुचि नहीं लेतीं.’ त्या शेऱ्यानं माझी बढती अडली. माझ्यामागून लागलेली दोघं पुढं गेली, त्यांच्या ऑर्डरी मीच टाइप केल्या. हौ, जीव जळला. शेऱ्याविरुद्ध म्हणणं मांडायला महिनाभराची मुदत होती. बडे बाबू आपणहून म्हणाले, “बाई, दोन ओळी मी लिहून देतो. घरची अडचण होती, पुढं असं होणार नाही. शेरा निघून जाईल.”

मी ह्यांना विचारलं. हे पहिल्या पाळीवरून आले होते, चेहऱ्यावर खाणीची काळी धूळ. बढती झाली असती तर आमच्या घराला बरं झालं असतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते पाय धुवायला बसले.

“घरची अडचण,” हे म्हणाले. “आम्ही अडचण हाओ काय?”

मी बडे बाबूंचा मसुदा परत केला आणि स्वतःच लिहिलं: ‘उक्त टिप्पणी सही है. मैं रुचि नहीं लेती.’

“असं चालत नाही, बाई,” बडे बाबू म्हणाले. “खाली कारण लिहा लागते. कारण नसलं तं कागद परत येते.”

मी त्यांच्याच हातातला पेन घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं: ‘कारण, घर में लोग हैं.’