बर्फाच्या कप्प्यातल्या दोन बाटल्या

साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात मी नोकरीला होतो. गळीत हंगाम संपला की आम्हाला जरा उसंत मिळायची. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या वर्षी मे महिन्यात बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आणि कोपरगावातल्या आमच्या भाड्याच्या घरात मी कॉम्प्युटर जुळवायला बसलो. तयार घेणं मला कमीपणाचं वाटायचं. मदरबोर्ड नाशिकहून आणला, व्हीसीडीचं चित्र टीव्हीवर दाखवणारं कार्ड पुण्याहून. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर केबलच्या मुंग्या आलेल्या चित्राऐवजी आपल्या टीव्हीवर नायिकेच्या पापण्या मोजता याव्यात म्हणून. मदरबोर्डबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी इतक्या वेळा वाचलं होतं की परीक्षा घेतली असती तर पहिला आलो असतो.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी आळी त्यांना बाई म्हणायची. त्यांच्या मुलाचं शिर्डीला प्रसादाचं दुकान होतं, आणि संध्याकाळी उरलेले पेढे घरी यायचे. बाईंना मधुमेह होता, रोज दोन वेळा इन्सुलिन लागायचं. चालू बाटली त्या ओल्या फडक्यात गुंडाळून छोट्या मडक्यात ठेवत आणि नव्या बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये. आमच्या ओळीत फ्रिज एकट्या माझ्याकडे होता, त्यामुळे त्यात कुणाचं विरजण, कुणाची कणीक, काही ना काही असायचंच. कुणी विचारत नसे, ठेवून जात असे.

कॉम्प्युटर जुळला, पण चालेना. म्हणजे चालायचा, चित्रही असं स्वच्छ यायचं की मीच माझी पाठ थोपटून घेतली होती. पण मध्येच फ्रिजचा कॉम्प्रेसर घुर्र करून सुरू झाला की व्होल्टेज ढासळायचं आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. वायरिंग जुनं होतं. ते बदलायचं तर घरमालकाशी बोलणं आलं, आणि मी तर रविवारी दुपारी आळीतल्या सगळ्यांना सिनेमाला बोलावून बसलो होतो. मग डोकं चालवलं. सिनेमा संपेपर्यंत तीन तास फ्रिज बंद ठेवायचा. बाईंच्या दोन नव्या बाटल्यांची काळजी मला होती, हे मी अजूनही स्वतःला सांगत असतो. उन्हाळा कडक, त्या तापू नयेत म्हणून शनिवारी त्या मी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या आणि फ्रिजचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. इलेक्ट्रिकलचा माणूस ना मी. जितकं गार तितकं चांगलं, असा माझा हिशेब.

रविवारचा खेळ झकास झाला. पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. बाई सगळ्यांत पुढे, पाटावर. त्यांनी सिनेमा कमी आणि चित्रच जास्त पाहिलं. साडीची वीणसुद्धा दिसती रे, असं दोनदा म्हणाल्या. त्या दिवसापासून जेवण झालं की रोज दुपारी त्या माझ्याकडे येऊन बसू लागल्या. मी कॅबिनेट उघडं टाकून काहीतरी कोचत असायचो, त्या सुपारी कातरत एकच व्हीसीडी पुन्हा पुन्हा बघायच्या.

बुधवारी त्यांनी नवी बाटली मागितली. मी फ्रिज उघडला तेव्हा आठवलं. रविवारी फ्रिज पुन्हा सुरू केला होता, बाटल्या मात्र बर्फातच राहून गेल्या होत्या. त्या गोठून कडक झाल्या होत्या. थोड्या वेळानं आणून देतो, असं बाईंना सांगून मी त्या पाण्यात ठेवल्या. बर्फ वितळला, पण तळाशी पांढरे कण दिसत होते. मी बाटली हलवली, पुन्हा हलवली. कण विरल्यासारखे वाटले. दुसरीही तशीच हलवून फ्रिजच्या दारात उभी केली. खोक्यावर इंग्रजीत, ठळक अक्षरांत, गोठवू नये असं छापलं होतं. ते मी त्या दिवशी वाचलं. वाचूनही बाटली नेऊन दिली. औषध आहे, एवढ्यानं काय होतंय, असं म्हणालो, आणि तेही मनातल्या मनात.

तीन आठवड्यांत बाई वाळल्या. सारखं पाणी प्यायच्या, सिनेमा बघता बघता पेंगायच्या. सुई टोचून घेणं मात्र एक दिवसही चुकवलं नाही. एका सकाळी त्या उठेनात, तेव्हा मुलानं रिक्षातून दवाखान्यात नेलं. शुगर भयंकर वाढली होती. डॉक्टरांनी विचारलं, पथ्य मोडलं का. घरात पेढे, आणि दोन वर्षांपूर्वी एकदा बाई पेढा खाताना सापडल्या होत्या. झालं, आणखी शोधायला कोण जातंय. दवाखान्यात तिथल्याच नव्या बाटलीतून इन्सुलिन दिलं आणि आठ दिवसांत शुगर खाली आली. मुलाला याहून मोठा पुरावा नको होता. दवाखान्यात पेढे मिळत नाहीत, म्हणून शुगर उतरली, असं तो मला मोठ्या खात्रीनं सांगत होता. मी मान डोलावली. घरी येऊन फ्रिजमधली दुसरी बाटली नाल्यात टाकली. कुणी विचारलं तर फुटली म्हणणार होतो. कुणी विचारलं नाही.

बाई घरी आल्या त्या संध्याकाळी मी भेटायला गेलो. ओट्यावर मुलगा आणि सून होती. पेढ्यांच्या कपाटाला नवं कुलूप लागलं होतं. बाई शपथेवर सांगत होत्या की त्यांनी गोडाला बोट लावलं नव्हतं, आणि मुलगा आईशी चढ्या आवाजात बोलत होता, जे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. म्हातारपणी जिभेपायी पोराला दवाखान्याच्या फेऱ्या घालायला लावल्या, असं काय काय. मला पाहिल्यावर बाईंचा चेहरा उजळला. साक्षीदार आला असं त्यांना वाटलं असणार.

"ह्याला इचारा," त्या म्हणाल्या. "सकाळी समद्यांच्या देखत मी घरात. दुपारभर ह्याच्याकडं. तू सांग रे, मला काई खाताना पाह्यलंस का कधी?"

मी एवढंच म्हणायला हवं होतं की, बाई, बाटल्या माझ्यामुळे बिघडल्या. वाक्य तयार होतं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मी ते आठ दिवस घोटलं होतं. पण मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, उद्या आळीत काय बोलतील ते डोळ्यांपुढे आलं, आणि तोंडून वेगळंच निघालं.

"माझं लक्ष कॉम्प्युटरकडं असायचं, बाई."

त्यात खोटं काहीच नव्हतं, याची मला आजही शिसारी येते.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खरंच आठवू लागल्या, कपाळाला आठ्या घालून, एकेक दुपार. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेली ती बाई माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःवर संशय घेत होती.

"मग खाल्ला आसंल मी," त्या हळू म्हणाल्या. "डुलकीत, नकळत." आणि सुनेकडे वळून तिच्यापुढं हात जोडले. "चुकलं गं माझं. परत न्हाई खायची."