कौल लावायचा राहून गेला

देवी खरंच ऐकते का, असा प्रश्न पडावा इतकी मी तेव्हा खचले होते. लग्नानंतर काही महिन्यांतच आमवाताने माझे हात धरले. सकाळी बोटं अशी आखडलेली असायची की केसांना पीन लावता येऊ नये. शाळेत पहिल्या तासाला खडू धरवत नसे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, फरकही पडला; पण ते म्हणाले होते, "या गोळ्या चालू असताना मूल नको." मी ऐकलं ते एवढंच, मूल नको.

नवरा जयगडच्या बंदरात नोकरीला. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, सासूबाईंनीही नाही. तेच मला जास्त लागायचं. शेवटी मी मनाशी ठरवलं, गोळ्या टाकून द्यायच्या, पुढे काय व्हायचं ते होवो. कुणाला सांगितलं नाही. फक्त ग्रामदेवीला कौल लावायचा; फूल उजवीकडून पडलं की त्याच दिवशी गोळ्या बंद.

मंगळवारी सासूबाईंबरोबर देवळात गेले. गुरव गाभाऱ्यात दुसऱ्या कुणाचं तरी गाऱ्हाणं घालत होते, म्हणून कौल लावायचाय एवढंच त्यांना सांगून मी आधी ओटी भरायला घेतली. नारळ बोटांतून निसटला तो घरंगळत एका बाईंच्या पायाशी. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या. त्यांनी तो उचलून दिला, पण माझा हात सोडला नाही. सांधे हलकेच चाचपत म्हणाल्या, "सकाळी फार वेळ आखडतात का गं बोटं?"

सासूबाईच म्हणाल्या, "व्हय गो बाय. पण तुला कसा कळला?"

"माझं कामच ते आहे," त्या हसल्या. मूळच्या मंडणगडकडच्या, आणि ही त्यांच्या आईच्या माहेरची देवी. मुंबईत त्या संधिवातावर संशोधन करत, आणि त्यांचे लेख छापून आले होते ते नेमके कशावर, तर आमवात असलेल्या बायकांच्या बाळंतपणावर! देवळाच्या पायरीवर बसून मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, गोळ्या टाकण्याचा बेतसुद्धा. सासूबाईही ते पहिल्यांदाच ऐकत होत्या.

बाईंचा चेहरा गंभीर झाला. "मनाने काही करू नकोस हं. या गोळीचा अंश अंगात असताना दिवस राहिले तर बाळाला धोका. आणि औषधच नसलं तर आजार उसळतो. तुझे डॉक्टर बरोबरच बोलले. त्यांना जाऊन स्पष्ट सांग, मला मूल हवंय. ते चालणारी औषधं देतील. आजार शांत झाला, त्यांनी हो म्हटलं, की मग."

"मग होईल मला?"

"शब्द कसा देऊ? पण माझ्या अभ्यासातल्या कितीतरी जणींना झालंय."

तेवढ्यात गुरवांनी हाक मारली, "वहिनी, कौल लावायचाय ना?" मी गाभाऱ्याकडे तोंड करून हात जोडले आणि नको म्हटलं. आणखी काय विचारायचं राहिलं होतं?

संध्याकाळी बाईंनी आपला लेख फोनवर पाठवला. इंग्रजी, अवघड, तरी जमेल तसा मी सासूबाईंना मराठीत सांगत गेले.

"त्यात तुझा नाव हाय?" त्यांनी मध्येच विचारलं.

"नाही हो. पण सगळ्या माझ्यासारख्याच आहेत!"

नवरा पाळी संपवून आला तेव्हा चूल थंड होती आणि आम्ही दोघी हसत-रडत बसलो होतो.

मग औषधं बदलली. आजार शांत व्हायला बराच काळ गेला, मध्ये धीरही सुटला, पण गोळी चुकवली नाही. आणि दिवस राहिले! मुलगी झाली. बाईंना फोन केला तर त्या तिकडून ओरडल्याच, "रडली का गं लगेच? खणखणीत रडली ना?"

बाळंतपणानंतर दुखणं पुन्हा उसळलं. त्यांनी तशी कल्पना दिलीच होती. हल्ली सकाळी मला लेकीला उचलता येत नाही. पूर्वीची मी असते तर देवीशी भांडले असते. आता पडून राहते आणि वाट बघते. सासूबाई तिला अलगद आणून माझ्या कुशीत ठेवतात. परवा माझे डोळे भरलेले पाहून म्हणाल्या, "रडतेस कशाला? तुझे हात नाय चालले तर काय झाला, घरात हात काय कमी हायत?"

मी मान हलवली. लेक दूध प्यायला लागली होती.