माझ्या क्लासची लेकरं

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसात औषधांच्या दुकानांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनतं. त्यातला मूळ क्लास, म्हणजे बिलाचा साचा, मी लिहिलेला. काउंटरचं बिल, परतीचं, घरपोच औषधांचं, सगळी त्याचीच लेकरं. कर, सवलत, छपाई सगळं वारशानं घेणारी. साच्याला हात लावायचा तर मला विचारावं लागे. ते मला आवडायचं, हे कबूल करतो.

टीममध्ये नव्यानं आलेल्या एका बाईंनी हा वारसाच मोडायचा प्रस्ताव मांडला. त्या तंजावरकडच्या, घरी जुनी मराठी बोलणाऱ्या. मला अण्णा म्हणत. कर, सवलत, छपाई हे सुटे भाग करू, ज्या बिलाला जे लागेल ते त्यानं जोडून घ्यावं. भागानं काय काम करायचं एवढाच करार, म्हणजे इंटरफेस, ठरवून ठेवू, असं त्यांचं म्हणणं. मॅनेजरशी त्या तमिळमध्ये बोलत आणि मी जवळ गेलो की गप्प होत. माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं. न कळलेलं सगळं माझ्याविरुद्धच असणार, असं मी धरून चाललो. आधी क्लास जाणार, मग मी.

बदलाला मंजुरी मीच द्यायची होती. त्यांची चूक सापडावी म्हणून मी जुना कोड उघडला. परतीच्या बिलात सवलतीची मेथड, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडा, नव्यानं लिहिलेली, आत काहीच नाही. घरपोचच्या बिलात छपाईची मेथड, तीही रिकामी. माझ्याकडून नको ते येऊ नये म्हणून जवळजवळ प्रत्येकानं गुपचूप बूच मारलेलं. आता मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला.

बाईंना विचारलं, हे कुणाचं काम?

"असकेच करतात, अण्णा, टीममधले सगळे. मीपण केलें. तुमाला विचारलें तर तासभर ऐकावें लागतें."

"आणि मॅनेजरशी काय चालतं?"

"हेंच. तुमाला सांगायचें कोणी, म्हणून."

मी मंजुरी दिली. नोकरी राहणार की जाणार, अजून ठाऊक नाही. परवा टीममधल्या एका मुलीनं छपाईचा भाग बदलला, मला न विचारता. मी तो पुन्हा पुन्हा तपासला. चूक निघाली नाही याचं वाईट वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज अजून जात नाही.