मुरलीपुऱ्याचा कूलरवाला

दिनकर गेल्याचं कॉलेजच्या ऑफिसातल्या फोनवर कळलं. मी हजेरीपटावर सही करत होतो. ती पूर्ण केली आणि मग पुढे काय करायचं ते सुचेना. दोन दिवसांनी शोकसभा झाली. हार फोटोपेक्षा मोठा होता आणि प्राचार्यांचं भाषण हारापेक्षा. दिनकरजींनी जयपुरात व्यवस्थापनाचं शिक्षण आंतरराष्ट्रीय पातळीवर नेलं, असं ते म्हणाले. मी हसून शेजारी वळलो… अशा सभांना माझ्या शेजारी नेहमी दिनकरच बसायचा.

त्याने नेमकं उलटं केलं होतं. मी अर्थशास्त्र शिकवतो, तो कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला व्यवस्थापन शिकवायचा. तो आला तेव्हा वर्गात अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांच्या केस स्टडी चालत. कापडाच्या आणि रत्नांच्या दुकानांतून आलेली आमची मुलं त्या स्तोत्रासारख्या पाठ करत आणि घरी जाऊन गल्ल्यावर बसत. दिनकरने त्या बाजूला ठेवल्या आणि रविवारी सायकल काढली. बगरू गावी जाऊन कापडछपाईवाल्यांशी बोलायचा, स्टेशनजवळच्या गेस्ट हाऊसवाल्याला तास तास पिडायचा. पहिल्या वर्षाच्या पोराला अशी केस द्यावी की तिच्यातला माणूस त्याला उद्या रस्त्यात भेटू शकेल, असं तो म्हणे. एक पान, एकच निर्णय. शिवाय केसमध्ये मूर्ख कोणी नको; मूर्ख सापडला की मुलं विचार करणं सोडतात. आणि सगळ्यात कडक नियम: मास्तरने स्वतःचं उत्तर कधीही सांगायचं नाही. कोणी विचारलंच तर तो खडूची बोटं झटकत म्हणे, "आप बताइए."

या नियमांवर मी त्याची यथेच्छ थट्टा केली. पुढे ज्या केसने त्याला पोखरलं, तीही नियमांत चोख बसत होती.

ती त्याच्या धाकट्या भावाची, मधूची होती. वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आलेले. दोघं जयपूरच्या बनी पार्क वस्तीत वाढले. मधूने मुरलीपुऱ्यात कूलर बनवायचा छोटा कारखाना काढला. दिवाळीनंतर कूलर कोण घेतं? बाकीचे कारखानदार हिवाळ्यात कारागिरांना घरी पाठवत. मधूने एकालाही पाठवलं नाही. काम नसलं की तो त्यांच्याकडून स्वतःच्या घराची दारं-खिडक्या रंगवून घ्यायचा, दर वर्षी नवा रंग. तीन-चार हिवाळ्यांत कारखाना बुडाला.

दिनकरने त्याची केस लिहिली. नाव बदललं, कारखाना अजमेरला नेला. दारांचा रंग मात्र ठेवला, कारण त्याशिवाय माणूस दिसत नव्हता. वर्गात चर्चा रंगली आणि शेवटी मागच्या बाकावरून निकाल आला, "सर, मालिक बेवकूफ था." सगळे हसले. दिनकर शिरस्त्याप्रमाणे गप्प राहिला. वर्गात मुरलीपुऱ्यातला, मधूच्याच गल्लीतला एक मुलगा होता. त्याने दारं ओळखली.

मधू त्याच संध्याकाळी दिनकरच्या घरी आला. मी तिथे होतो. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. "दादा, मतलब, पोरं हसली ते ठीक आहे. तू माझ्या जागी काय केलं असतंस, तेवढं सांग."

दिनकर सवयीने म्हणाला, "तू सांग."

इतक्या वर्षांची जिभेची सवय. शब्द सुटताच त्याचा चेहरा उतरला, पण मधू तोवर चपला घालत होता. त्यानंतर तो आला नाही. दिनकर दोनदा मुरलीपुऱ्याला गेला आणि गल्लीच्या तोंडाशी सायकल वळवून परतला, हे मला वहिनींनी सांगितलं.

शेवटच्या आजारात, हॉस्पिटलमध्ये, तो एकदा छताकडे बघत म्हणाला, "मीही कारागीर ठेवले असते रे. एकालाही काढू शकलो नसतो." मी म्हटलं, मधूला आणतो, त्याला सांग. तो म्हणाला, "आणू नकोस. मी जाऊन सांगेन. हे झोपून सांगायचं नाही." डॉक्टर सोमवारी सोडणार होते. रविवारी रात्री तो गेला.

आता पहिल्या वर्षाचा तो तास माझ्याकडे आला आहे. गेल्या आठवड्यात मधू स्टाफरूमच्या दारात उभा दिसला. दादाची ती केस अजून शिकवता का, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तर फाडून टाकतो. "नको. शिकवा. मी मागे बसतो."

तो बसला. मुलं भांडली. एक मुलगी म्हणाली की, घरी पाठवल्यावर उन्हाळ्यात तेच कारागीर परत येतील याची खात्री मालकाला कुठे होती? कोणी हसलं नाही. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. मधू बाकावरून उठला नाही. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि दिनकर जे बोलला होता ते शब्दही न बदलता सांगितलं.

त्याने तोंड फळ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "तुम्हाला सांगितलं त्याने?"

"हो."

"तुम्हाला…"

तो बाकावर डोकं टेकवून रडला, शाळकरी पोरासारखा, हाताच्या घडीत तोंड लपवून. शिपाई कुलूप घेऊन दारात आला. मी त्याला खुणेनेच थांबायला सांगितलं.