बिल्डरच्या ऑफिसातली मदत

तळोज्याजवळचा फ्लॅट आम्ही बुक केला आणि थोड्याच दिवसांत बँकेने कर्ज नाकारलं. क्रेडिट स्कोअर कमी आहे, एवढंच कारण सांगितलं. तेव्हा आम्ही नवीन पनवेलला भाड्याने राहत होतो. नवरा तळोज्याच्या रसायनांच्या कारखान्यात, मी खारघरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. बुकिंगचे पैसे परत मागायला मी बिल्डरच्या ऑफिसात गेले, ती भांडायच्या तयारीनेच.

विक्रीचं काम बघणाऱ्या बाईंनी पैसे द्यायला नकार दिला नाही. उलट म्हणाल्या, घाई करू नका, स्कोअर सुधारता येतो, आम्ही मदत करू, तोवर फ्लॅट त्याच भावात ठेवू. त्याची फी काही नाही. हे ऐकून मी जास्तच सावध झाले. बिल्डर कशाला कुणाचं फुकट भलं करेल? घरी येऊन नवऱ्याला बजावलं, मला दाखवल्याशिवाय कुठेही सही करायची नाही. पॅनकार्डाची झेरॉक्स दिली तीही त्यावर आडवी रेघ मारून.

क्रेडिट अहवाल बघून बाईंनी एका थकलेल्या कर्जावर बोट ठेवलं. ते आमचं नव्हतंच. नवऱ्याचा करंजा या कोळी गावातला एक मित्र पूर्वी कारखान्यात त्याच्याबरोबर होता. घरची होडी सांभाळायला त्याने नोकरी सोडली, होडीच्या इंजिनासाठी कर्ज काढलं आणि नवरा जामीन राहिला. हप्ते चुकले, वसुलीचे फोन आमच्याकडे आले, तेव्हा दोघांचं बोलणं तुटलं. त्याचा डाग आमच्या नावावर बसतो, हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं.

आधी त्या मित्राला भेटून या, असं बाईंनी सांगितलं. मला वाटलं, आता ही बाई आमच्याकडून वसुली करून घेणार. मी सरळच विचारलं, "यात तुमचा काय फायदा?"

"फ्लॅट विकला तर मला कमिशन आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कर्ज मिळालं नाही, तर मला काहीच नाही."

रविवारी आम्ही करंजाला गेलो. मित्र धक्क्यावर जाळं नीट करत होता. आम्हाला बघून त्याने मान खाली घातली. त्याच्या बायकोने खुर्च्या आणल्या. मग तो माझ्याकडे बघून बोलला, "कर्ज सगला फेडलाय मी, वहिनी. तुमाला सांगायला येनार होतो, पन तोंड कसा दाखवू?"

माझा विश्वास बसला नाही, आणि ते त्याला कळलं. मग उद्या पनवेलला कर्ज देणाऱ्या कंपनीतच विचारू, असं तोच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी होडी न काढता पनवेलला आला. मी फोनवर कळवलं होतं, म्हणून बाईही बिल्डरची गाडी घेऊन आल्या. या गाडीचं भाडं कोणाच्या बिलात लागणार, हाच विचार माझ्या डोक्यात. कर्ज देणाऱ्या त्या कंपनीतल्या माणसाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, कर्ज कधीच फिटलंय, फक्त क्रेडिट स्कोअर ठेवणाऱ्या संस्थेला कळवायचं राहिलं. कर्ज फिटल्याच्या पत्रासाठी आठ दिवसांनी या, असंही म्हणाला. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. पत्र हातात पडल्यावरच आम्ही बाहेर आलो. बाहेर नवरा मित्राला चहा घ्यायला घेऊन गेला. मी आणि बाई गाडीपाशी थांबलो.

नोंद दुरुस्त व्हायला काही महिने गेले. तोवर दुसऱ्या बँकांत अर्ज करू नका, असं बाईंनी सांगितलं होतं. म्हणजे त्यांच्या ओळखीच्या बँकेतच अडकवणार, असं मी धरून चालले. आमच्या कॉलेजच्या अकाउंटंटला गुपचूप विचारलं, तर तेही तेच म्हणाले. उगाच चार ठिकाणी अर्ज केले की स्कोअर घसरतो.

कर्ज मंजूर झालं. करारनामा मी शब्द न शब्द वाचला आणि पार्किंगचे पैसे वेगळे, हे कलम सापडलं. बाईंनी ते कधी सांगितलं नव्हतं. विचारल्यावर, ते माझ्या हातात नाही, म्हणाल्या. आम्ही पार्किंग घेतलं नाही.

गृहप्रवेशाला मित्र बायकोला घेऊन आला. बाईही आल्या, पोटभर जेवल्या. निघताना म्हणाल्या, ओळखीत कोणी घर बघत असेल तर त्यांचा नंबर मला द्या. मी हो म्हटलं. पण नंबर कोणाचा दिला नाही.